जनुक चाचणीच्या दोन रिपोर्टांत एकाच दोषाची दोन नावे का असतात?

थोडक्यात

- एकाच जनुकातील एकच दोष जुन्या आणि नव्या रिपोर्टमध्ये वेगळ्या नावाने लिहिलेला असू शकतो. नाव वेगळे दिसले म्हणून दोष वेगळा आहे असे समजू नका.
- थॅलेसेमिया किंवा सिकलसेलमध्ये पती-पत्नीचे दोष खरोखर वेगळे असले तरी बाळाला धोका असू शकतो.
- जनुकांच्या नोंदी जगभर एकसारख्या करण्याचे काम २००५ पासून सुरू आहे आणि आता बरेच पुढे गेले आहे. पण जुने रिपोर्ट घराघरांत आहेत.
- मूळ रिपोर्ट जपून ठेवा आणि नातेवाइकांची तपासणी करताना तो प्रयोगशाळेला दाखवा.

दोन रिपोर्ट आणि एक गैरसमज

काही काळापूर्वी खारबावच्या माझ्या दवाखान्यात एक जोडपे आले. सोबत सासूबाई होत्या. सून नऊ आठवड्यांची गरोदर. तिच्या बहिणीच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्यामुळे लग्नाआधीच तिची जनुक चाचणी झाली होती आणि ती थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक, असल्याचे माहीत होते. पतीची तपासणी मात्र आत्ता झाली. तोही मायनर निघाला.

दोघांचे रिपोर्ट दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे होते. तिच्या जुन्या रिपोर्टवर लिहिले होते 'आयव्हीएस १-५ (जी>सी)'. त्याच्या नव्या रिपोर्टवर 'एचबीबी सी.९२+५जी>सी'. घरच्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि निष्कर्ष काढला. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, दोघांचं वेगळं आलंय. म्हणजे बाळाला काही नाही ना? मग कशाला मुंबईची फेरी?"

मी एमबीबीएस झालो तेव्हा असे रिपोर्ट आमच्या हातात येत नसत. मलाही लगेच खात्रीने सांगता आले नाही. दोन्ही रिपोर्टांचे फोटो मी मुंबईतल्या एका जनुकतज्ज्ञ डॉक्टरांना पाठवले. उत्तर आले, "दोन्ही एकच. दोघांना लगेच पाठवा."

ती दोन नावे एकाच दोषाची होती. बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक होती, आणि गर्भाची तपासणी करण्याची योग्य वेळ दोन आठवड्यांवर आली होती. कुटुंब त्याच आठवड्यात मुंबईला गेले आणि तपासणी वेळेत झाली.

हा गोंधळ का होतो, तो दूर करण्यासाठी काय चालले आहे आणि तुम्ही कोणती काळजी घ्यावी, ते या लेखात पाहू. रिपोर्टमध्ये ही नावे इंग्रजी अक्षरांत असतात. वाचायला सोपे जावे म्हणून ती इथे देवनागरीत दिली आहेत.

जनुक, प्रथिन आणि 'उतारा' म्हणजे काय?

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएची एक लांबलचक माहिती असते. ती चार अक्षरांत लिहिलेली असते: ए, टी, जी आणि सी. माणसाच्या एका संपूर्ण संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. या संचाला जीनोम म्हणतात.

या अक्षरांतील काही भागांत प्रथिन तयार करण्याची कृती असते. त्या भागाला प्रथिन बनवणारे जनुक म्हणतात. माणसात अशी जनुके २० हजारांच्या आसपास आहेत. हिमोग्लोबिनचा बीटा भाग बनवणारे जनुक म्हणजे एचबीबी. ते ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. थॅलेसेमियाचा बीटा प्रकार आणि सिकलसेल हे दोन्ही आजार याच एका जनुकातील दोषांमुळे होतात.

एचबीबी जनुक साधारण १,६०० अक्षरांचे आहे. पण ती सगळी अक्षरे प्रथिनासाठी वापरली जात नाहीत. पेशी आधी जनुकाची नक्कल काढते, मधले दोन तुकडे कापून टाकते आणि उरलेले तीन तुकडे जोडते. या तयार नकलेला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. मराठीत आपण त्याला उतारा म्हणू. एचबीबीच्या उताऱ्यात प्रथिनाची कृती सांगणारी अक्षरे ४४४ आहेत. दर तीन अक्षरांना एक घटक, म्हणजे अमायनो आम्ल. असे १४८ गट होतात. शेवटचा गट 'इथे थांबा' एवढेच सांगतो, म्हणून प्रथिनात १४७ घटक जोडले जातात.

एखाद्या जनुकाची कृती कोणत्या अक्षरापासून सुरू होते, कुठे थांबते, कोणते तुकडे कापले जातात आणि कोणते जोडले जातात, याची नोंद करणे म्हणजे ॲनोटेशन. जीनोमची अक्षरे वाचणे हे एक काम, आणि त्यांत कुठे काय आहे हे ठरवून नोंदवणे हे दुसरे. दुसरे काम जास्त अवघड आहे.

एकच जमीन, दोन नंबर

आमच्या भिवंडी तालुक्यात जमिनीचे व्यवहार सतत चालतात, त्यामुळे एक उदाहरण इथल्या लोकांना लगेच पटते. अनेक गावांत जमिनीचा जुना सर्व्हे नंबर वेगळा आणि नंतरचा गट नंबर वेगळा असतो. आजोबांच्या कागदावर एक आकडा, आजच्या सातबारावर दुसरा. जमीन तीच असते. पण ज्याला हे माहीत नाही, त्याला त्या दोन वेगळ्या जमिनी वाटतात. म्हणून जाणकार माणूस व्यवहाराआधी जुना नंबर आणि नवा नंबर जुळवून घेतो. तलाठ्याकडचा सातबारा आणि भूमी अभिलेखचा मोजणी नकाशाही ताडून पाहतो.

जनुकांच्या नोंदीतही असेच झाले आहे. नावे बदलण्याची तीन मुख्य कारणे आहेत.

पहिले कारण: मोजायला सुरुवात कुठून करायची?

सिकलसेलचे उदाहरण घेऊ. १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवले की सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमध्ये फक्त एक घटक बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. तेव्हा जनुकाची अक्षरे वाचण्याची सोय नव्हती. शास्त्रज्ञ रक्तातले तयार प्रथिन घेऊन त्याचे घटक मोजत असत. त्या मोजणीत हा बदल सहाव्या जागी आला, म्हणून त्याचे नाव 'ग्लू६व्हॅल' पडले. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या काळापासून आपल्याकडच्या पुस्तकांतही हाच सहा आकडा आहे.

पुढे जनुक वाचता येऊ लागले, तेव्हा लक्षात आले की पेशी प्रथिन बनवताना सुरुवातीला मेथिओनिन हा एक घटक लावते आणि नंतर तो कापून टाकते. म्हणून वर सांगितलेले १४७ घटक रक्तातील प्रथिनात १४६ च दिसतात. नव्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मोजणी त्या पहिल्या मेथिओनिनपासून करायची. त्यामुळे सहावी जागा सातवी झाली. आजच्या रिपोर्टमध्ये सिकलसेल 'पी.ग्लू७व्हॅल' किंवा 'सी.२०ए>टी' असा दिसतो. हिशेब सोपा आहे. सातव्या गटात १९, २० आणि २१ ही अक्षरे येतात. त्यातले मधले, म्हणजे विसावे अक्षर ए ऐवजी टी झालेले असते.

दोष तोच, फक्त मोजणीची सुरुवात एक घर मागे गेली.

दुसरे कारण: कोणता उतारा धरायचा?

बऱ्याच जनुकांचे एकापेक्षा जास्त उतारे निघतात. पेशी कधी एखादा तुकडा ठेवते, कधी गाळते. मग दोषाची जागा सांगताना कोणत्या उताऱ्यात मोजायचे, हा प्रश्न येतो.

हृदयाच्या ठोक्यांशी संबंधित 'एससीएन५ए' या जनुकाचे दोन प्रचलित उतारे आहेत. एकातून २,०१५ घटकांचे प्रथिन तयार होते, दुसऱ्यातून २,०१६ चे. फरक १०७७ व्या जागेवरच्या एका घटकाचा. त्या जागेच्या पुढचा प्रत्येक दोष एका रिपोर्टमध्ये एक आकडा दाखवतो आणि दुसऱ्यात एकाने कमी. एकाच घरातील दोन भावांचे रिपोर्ट असे आले, तर घरच्यांना ते दोन वेगळे आजार वाटू शकतात.

तुकड्यांच्या क्रमांकातही असे गोंधळ आहेत. स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाशी संबंधित 'बीआरसीए१' या जनुकाच्या जुन्या मोजणीत चौथा तुकडाच नाही. सुरुवातीच्या नोंदीतली चूक पुढे तशीच राहिली. त्यामुळे जुन्या पद्धतीतला अकरावा तुकडा नव्या मोजणीत दहावा होतो. लहान मुलांच्या स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या आजारात रिपोर्टवर 'एक्सॉन ७' लिहिलेले असते, पण ओळीने मोजले तर तो आठवा तुकडा आहे. जुन्या मोजणीत दुसऱ्या तुकड्याचे '२ए' आणि '२बी' असे दोन भाग धरले आहेत.

तिसरे कारण: कोणती आवृत्ती धरायची?

माणसाच्या जीनोमचा प्रमाण नकाशाही वेळोवेळी सुधारला जातो. २००९ मध्ये आलेल्या नकाशाचे नाव जीआरसीएच३७, तर डिसेंबर २०१३ च्या नकाशाचे नाव जीआरसीएच३८. सिकलसेलचे तेच एक अक्षर पहिल्या नकाशात ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर ५२,४८,२३२ व्या जागी आहे आणि दुसऱ्यात ५२,२७,००२ व्या. अक्षर हललेले नाही. आधीच्या भागाची मोजणी सुधारल्यामुळे पुढचे सगळे आकडे सरकले. दोन्ही नकाशे आजही वापरात आहेत, म्हणून रिपोर्टवर कोणता नकाशा वापरला हे लिहिलेले असणे गरजेचे आहे.

नोंदी एकसारख्या करण्याचे काम

मानवी जीनोम प्रकल्प एप्रिल २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. पण त्यात जनुके किती आणि कुठे, यावर एकमत नव्हते. त्याआधी काही अंदाज लाखाच्या घरात होते. २००१ मध्ये ते ३० ते ४० हजारांवर आले आणि २००४ मध्ये २० ते २५ हजारांवर.

जनुकांच्या नोंदी ठेवणारी दोन मोठी केंद्रे आहेत. एक अमेरिकेतील एनसीबीआय, त्यांची नोंदवही 'रेफसेक'. दुसरे इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ असलेले युरोपीय केंद्र ईएमबीएल-ईबीआय, त्यांची नोंदवही 'एन्सेम्बल'. दोघांची पद्धत वेगळी होती. एन्सेम्बलचे उतारे प्रमाण नकाशाच्या अक्षरांवरून काढलेले असत. रेफसेकमधले काही उतारे पेशींतून मिळालेल्या नकलांवरून घेतलेले असल्यामुळे नकाशाशी एखाद्या अक्षराने जुळत नसत. त्यामुळे एकाच जनुकाचा आरंभ, शेवट किंवा तुकडे दोन नोंदवह्यांत वेगळे दिसत.

हे जुळवण्यासाठी २००५ मध्ये 'सीसीडीएस' हा उपक्रम सुरू झाला. प्रथिनाची कृती सांगणारा जो भाग दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखा आहे, त्याला एक सामाईक क्रमांक द्यायचा, अशी ही कल्पना होती. जिथे जुळत नाही तिथे दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी पुरावे तपासून निर्णय घ्यायचा. जमिनीच्या मोजणीत दोन्ही बाजूंना बोलावून खुणा पक्क्या करतात, त्यासारखेच हे काम.

पण सीसीडीएसमध्ये फक्त प्रथिनाच्या कृतीचा भाग जुळवला जात असे. त्याच्या आजूबाजूचा भाग वेगळा राहू शकत होता. शिवाय एका जनुकाचे अनेक उतारे जुळले, तर त्यातला मुख्य कोणता हे ठरत नव्हते. म्हणून २०१८ मध्ये या दोन्ही केंद्रांनी 'मेन' नावाचा संयुक्त उपक्रम जाहीर केला. यात प्रत्येक जनुकासाठी एक मुख्य उतारा निवडला जातो. तो दोन्ही नोंदवह्यांत पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारखा असतो आणि जीआरसीएच३८ नकाशाशी तंतोतंत जुळतो. याला 'मेन सिलेक्ट' म्हणतात. काही जनुकांत एका उताऱ्यावर सगळे महत्त्वाचे दोष दाखवता येत नाहीत. तिथे आणखी एक उतारा जोडतात, त्याला 'मेन प्लस क्लिनिकल' म्हणतात. २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात या कामाचा अहवाल आला, तेव्हा प्रथिन बनवणाऱ्या ९७ टक्के जनुकांचा मुख्य उतारा ठरला होता.

एचबीबीचा मुख्य उतारा रेफसेकमध्ये 'एनएम_०००५१८' आणि एन्सेम्बलमध्ये 'ईएनएसटी०००००३३५२९५' या क्रमांकाने आहे. दोन क्रमांक, पण उतारा एकच, आणि तो एकच आहे हे दोन्ही कार्यालयांना मान्य आहे. क्रमांकानंतर टिंब देऊन येणारा आकडा, उदाहरणार्थ '.५', ही त्या उताऱ्याची आवृत्ती असते.

जनुकांची नावे ठरवणारी एचजीएनसी ही वेगळी समिती आहे. तिच्यापुढे एक वेगळीच अडचण आली होती. काही जनुकांची नावे 'सेप्ट१', 'मार्च१' अशी होती. संगणकावर एक्सेलमध्ये ती लिहिली की एक्सेल त्यांची आपोआप तारीख करून टाकत असे. २०१६ मध्ये झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या सुमारे एक पंचमांश शोधनिबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये समितीने ही नावेच बदलली. 'सेप्ट१' आता 'सेप्टिन१' आहे. म्हणून एखाद्या जुन्या रिपोर्टवरचे जनुकाचे नाव आज वेगळे सापडले तर घाबरू नका.

आपल्याकडे हे का महत्त्वाचे आहे?

थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे दोन्ही आजार आपल्या भागात आहेत. ठाणे आणि पालघरच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलची तपासणी होते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यात आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत थॅलेसेमियाचा एक विशिष्ट दोष जास्त आढळतो. त्यात एचबीबी जनुकाची ६१९ अक्षरे गळालेली असतात. आपल्या जवळच्या उल्हासनगरात सिंधी वस्ती मोठी आहे.

परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्था आहे. तिला एनआयआयएच म्हणतात. भारतातील थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या दोषांवर या संस्थेने अनेक वर्षे काम केले आहे.

भारतीयांचा स्वतःचा जनुकीय माहितीसाठाही आता तयार होत आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले गेले. त्याची माहिती फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवली आहे आणि ती संशोधकांसाठी जानेवारी २०२५ मध्ये खुली झाली. एखादा बदल आपल्या लोकांत सर्रास आढळतो की दुर्मीळ आहे, हे अशा माहितीवरून कळते. पण त्यासाठी तो बदल सगळ्यांनी एकाच नावाने नोंदवलेला असला पाहिजे. नाहीतर एकच दोष यादीत दोनदा येईल आणि दोन्ही वेळा दुर्मीळ वाटेल.

जुने नाव आणि नवे नाव: नेहमीचे दोष

भारतात वारंवार दिसणाऱ्या एचबीबी जनुकातील काही दोषांची जुनी आणि नवी नावे पुढे दिली आहेत.

- आयव्हीएस १-५ (जी>सी): नवे नाव सी.९२+५जी>सी. आपल्या देशात थॅलेसेमियाचा सर्वांत जास्त आढळणारा दोष. 'आयव्हीएस १' म्हणजे कापला जाणारा पहिला तुकडा आणि ५ म्हणजे त्यातले पाचवे अक्षर. त्याआधी प्रथिनाच्या कृतीची ९२ अक्षरे होऊन गेलेली असतात, म्हणून ९२+५.
- आयव्हीएस १-१ (जी>टी): नवे नाव सी.९२+१जी>टी.
- कोडॉन १५ (जी>ए): नवे नाव सी.४७जी>ए. प्रथिनाच्या नव्या मोजणीत ही जागा १६ वी येते.
- कोडॉन ८/९ (+जी): नवे नाव सी.२७डुप.
- कोडॉन ४१/४२ (-टीटीसीटी): नवे नाव सी.१२६_१२९डेल.
- सिकलसेल, एचबीएस: जुने ग्लू६व्हॅल, नवे पी.ग्लू७व्हॅल किंवा सी.२०ए>टी.
- हिमोग्लोबिन ई: जुने ग्लू२६लिस, नवे पी.ग्लू२७लिस किंवा सी.७९जी>ए.
- हिमोग्लोबिन डी-पंजाब: जुने ग्लू१२१ग्लन, नवे पी.ग्लू१२२ग्लन किंवा सी.३६४जी>सी.

ही यादी तुमच्या माहितीसाठी आहे. तिच्या आधारे स्वतः निर्णय घेऊ नका. एका अक्षराच्या फरकाने दोष बदलतो. वरचे पहिले दोन दोष पाहा. '९२+५' आणि '९२+१' दिसायला सारखे आहेत, पण दोष वेगळे आहेत.

दोष खरोखर वेगळे असतील तर बाळ सुरक्षित असते का?

नाही. हा सर्वांत धोकादायक गैरसमज आहे.

आई आणि वडील दोघांच्याही एचबीबी जनुकात दोष असेल, तर दोन दोष वेगळे असले तरी बाळाला दोन्ही बाजूंनी सदोष जनुक मिळू शकते. एकाकडून आयव्हीएस १-५ आणि दुसऱ्याकडून ६१९ अक्षरांची तूट मिळाली, तरी बाळाला थॅलेसेमिया मेजर होऊ शकतो. एकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया मिळाला, तर सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो. तोही गंभीर असू शकतो.

अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, फक्त वाहक असण्याची ५० टक्के आणि दोष अजिबात नसण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्या वेळी ही शक्यता कमी होत नाही.

तुम्ही काय करावे?

१. मूळ रिपोर्ट जपा. सर्व पाने ठेवा, फक्त निष्कर्षाचे पान नको. मोबाइलमध्ये स्पष्ट फोटो काढून ठेवा. बहुतेक वेळा उताऱ्याचा क्रमांक शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतो.

२. रिपोर्टवर पाच गोष्टी आहेत का पाहा: जनुकाचे नाव, उताऱ्याचा क्रमांक आवृत्तीसह, दोषाचे 'सी.' ने सुरू होणारे नाव, जीनोमचा नकाशा कोणता, आणि दोष एकाच प्रतीत आहे की दोन्ही प्रतींत. यातले काही नसेल तर प्रयोगशाळेकडे मागा. ते विचारणे तुमचा हक्क आहे.

३. नातेवाइकांची तपासणी करताना घरातील पहिल्या रुग्णाचा रिपोर्ट सोबत द्या. शक्य असेल तर त्याच प्रयोगशाळेत चाचणी करा. नुसते 'आमच्या घरात थॅलेसेमिया आहे' एवढे सांगणे पुरेसे नाही.

४. पती-पत्नीचे रिपोर्ट एकाच डॉक्टरांना एकाच वेळी दाखवा. ते समुपदेशक किंवा जनुकतज्ज्ञ असतील तर उत्तम. नावे जुळवण्याचे काम त्यांना करू द्या.

५. वेळ पाळा. गर्भाच्या वारेचा अंश घेऊन करायची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते. गर्भजलाची तपासणी १५-१६ आठवड्यांनंतर. त्याआधी आई-वडील दोघांचे दोष नक्की ठरलेले असावे लागतात. या तपासण्या फक्त कायद्याने नोंदणी झालेल्या केंद्रांतच करा. म्हणून शक्यतो लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, रक्त तपासून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नाव बदलले म्हणजे जुना रिपोर्ट चुकीचा होता का?
नाही. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तो बरोबर होता. फक्त नवे नाव लिहून घ्या. बहुतेक वेळा चाचणी पुन्हा करावी लागत नाही. जुन्या रिपोर्टवर नेमका दोष लिहिलेला नसेल, तरच डॉक्टर पुन्हा चाचणी सांगू शकतात.

नावामुळे उपचार बदलतात का?
नुसत्या नावामुळे नाही. रक्त देणे, लोह कमी करण्याची औषधे, सिकलसेलमधील हायड्रॉक्सियुरिया हे सगळे रुग्णाची प्रकृती आणि आजाराचा प्रकार पाहून ठरते. चालू औषध स्वतःहून बंद करू नका.

मी वाहक आहे का हे कळायला जनुक चाचणीच करावी लागते का?
बहुतेकांना नाही. सीबीसी आणि एचपीएलसी या साध्या रक्त तपासण्यांवरून ते कळते. थॅलेसेमिया मायनरमध्ये लाल पेशी लहान असतात आणि एचबीए२ चे प्रमाण साधारण ३.५ ते ४ टक्क्यांहून जास्त असते. पती-पत्नी दोघेही वाहक निघाले तर जनुक चाचणी लागते.

इंटरनेटवर दोषाचे नाव शोधले तर चालेल का?
वाचायला हरकत नाही. पण जुने नाव टाकले तर कमी माहिती दिसते आणि दुसऱ्या जनुकातला तोच आकडाही समोर येऊ शकतो. जे सापडेल ते डॉक्टरांना दाखवा.

'मेन' उतारा वापरलेला नसेल तर रिपोर्ट टाकून द्यायचा का?
नाही. कोणता उतारा वापरला ते स्पष्ट लिहिलेले असेल, तर तज्ज्ञ त्यावरून नवे नाव काढू शकतात. काहीच लिहिलेले नसेल तर अडचण येते.

डॉक्टरांना लगेच केव्हा भेटावे?

- पती-पत्नी दोघेही थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचे वाहक आहेत आणि पाळी चुकली आहे.
- घरात रक्त द्यावे लागणारे मूल आहे आणि तुमची तपासणी अजून झालेली नाही.
- एकाच कुटुंबातील दोन रिपोर्टांवर वेगळी नावे दिसत आहेत आणि त्यावरून लग्नाचा किंवा गरोदरपणाचा निर्णय घ्यायचा आहे.

सासूबाईंनी मला विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. कागदावर दोन नावे दिसली तर कुणालाही तसेच वाटेल. त्यांनी तो घरातच न ठेवता दवाखान्यात येऊन विचारला, म्हणून वेळ गेली नाही. तुमच्याकडेही असे दोन कागद असतील तर तेवढेच करा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तो वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. लेखातील कुटुंबाची ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.*